न्यासा सरोवराच्या तीरी

विद्यार्थिमित्रहो, ‘सुट्टी’ हा शब्द तुम्हांस जितका गोड वाटतो तितकाच तो तुमच्या शिक्षकांसही वाटतो, हे गुपित आज प्रथमच छापले जात आहे असे समजा. परंतु सुट्टी म्हणजे नेमके काय, ती कोणास मिळते व कोणास मिळत नाही, आणि एकाच्या विश्रांतीचा भार दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पडतो, याचा विचार करण्याचे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात. आम्हांस तो प्रसंग आफ्रिका खंडातील एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी आला. त्याची हकिकत तुमच्यापुढे व तुमच्या पालकांपुढे ठेवावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

केडगावच्या शिक्षकाने सेवेसाठी आफ्रिकेत जावे, याचे कित्येकांस नवल वाटले. आम्हांस ते तितकेसे वाटले नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींस आश्रय दिला, व १८९८ मध्ये येथल्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. त्यानंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांतील माणसे सातासमुद्रांपलीकडून या लहानशा गावी कामास आली. ज्या गावाने इतक्या परक्या हातांची मदत घेतली, त्या गावातून दोन हात बाहेर गेले तर ती फेड फारच लहान म्हणावयाची. अशा विचाराने आम्ही एका वर्षाची बिनपगारी रजा काढली आणि जानेवारी २०१९ मध्ये मलावी देशातील झोंबा शहराजवळच्या एका निवासी माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकविण्यास स्वयंसेवक म्हणून रुजू झालो.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातील चिंचोळा देश आहे. इंग्रजी अमलात त्यास न्यासालँड म्हणत. ६ जुलै १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला. झोंबा हे १९७५ पर्यंत त्याच्या राजधानीचे गाव होते. तेथे प्राथमिक शिक्षण १९९४ पासून विनामूल्य आहे. परंतु माध्यमिक शाळेच्या वसतिगृहाचा खर्च मुलांच्या घरच्यांस भरावा लागे. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले, पुस्तक तिघांत एक, आणि तरीही सकाळी सर्वजण उभे राहून ज्या उत्साहाने नमस्कार करीत, त्याने शिकविणाराची छाती भरून येई.

मार्च महिन्यात तेथे घोर अतिवृष्टी झाली. त्याच महिन्यात इडाई नावाचे चक्रीवादळ मोझांबिकच्या किनाऱ्यावर आदळले. पण त्याच्या आधीच दक्षिण मलावीतील नद्या फुगून हजारो कुटुंबे बेघर झाली होती. ठिकठिकाणच्या शाळा निराश्रितांसाठी उघडाव्या लागल्या. आमच्या शाळेतील चार वर्ग त्यांनी भरून गेले. दिवसा आंब्याच्या झाडाखाली फळा टेकवून आम्ही शिकवीत असू, व सायंकाळी मक्याचे पीठ व घोंगड्या वाटण्याच्या कामी लागत असू. पाच आठवडे असे गेले. एप्रिलमध्ये सत्र संपले, निराश्रितांपैकी बहुतेक आपापल्या गावी परतले, तेव्हा आमच्या अंगात लिहिण्याइतकेही त्राण उरले नव्हते. तरीही सुट्टीत कच्च्या मुलांचा वर्ग घेण्याचा बेत आम्ही मुख्याध्यापकांपुढे मांडला. ते वयोवृद्ध गृहस्थ हसले व म्हणाले, “आफुन्झित्सी, तुम्ही सरोवरावर जा. तुम्ही आजारी पडलात तर तुमची शुश्रूषा आम्हांस करावी लागेल, आणि सध्या आमच्यापाशी तेवढी माणसे नाहीत.” ‘आफुन्झित्सी’ म्हणजे त्यांच्या चिचेवा भाषेत गुरुजी अथवा बाई. इतका व्यवहारी उपदेश मोडवेना. आम्ही पिशवी भरली.

झोंबाहून केप मॅकलिअर हे सरोवरकाठचे स्थान सुमारे दोनशे किलोमीटर आहे. लिवोंडे येथे शिरे नदी ओलांडून, मांगोची व मंकी बे या गावांवरून वाट जाते. मिनीबसमध्ये माणसांच्या मांडीवर कोंबड्या, पायांशी मक्याची पोती; दौंडच्या बाजाराच्या दिवशीची आपली वडाप आठवली. शेवटचा टप्पा ‘मटोला’ नावाच्या उघड्या मालमोटारीत उभ्याने काटला. टेकड्यांमधून वळण घेताच समोर पाणी दिसले. त्यास सरोवर म्हणावे की समुद्र, हे डोळ्यांस ठरविता येईना.

या सरोवराची लांबी सुमारे ५८० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून गोव्यास जाण्याचा रस्ता जवळजवळ तेवढाच. कोठे कोठे त्याची रुंदी ७५ किलोमीटरपर्यंत, व खोली सातशे मीटरपर्यंत जाते. पूर्व आफ्रिकेची भूमी हळूहळू दुभंगत असून त्या प्रचंड भेगेत जी सरोवरे साचली, त्यांपैकी हे एक होय. माशांच्या जितक्या जाती या एका सरोवरात आहेत तितक्या जगातील दुसऱ्या कोणत्याही सरोवरात नाहीत. म्हणूनच केप मॅकलिअरचा परिसर १९८४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतला गेला. खडकांच्या आसऱ्याने राहणाऱ्या निळ्या-पिवळ्या लहान माशांस तेथे ‘म्बुना’ म्हणतात. त्यांतील मादी आपली अंडी तोंडात धरून उबविते, व पिले बाहेर पडेतो आठवड्यामागून आठवडे अन्नास जवळजवळ शिवत नाही. स्वच्छ दिसणारे हे पाणी अगदीच निर्धोक मात्र नव्हे. काठच्या गोगलगायींतून मनुष्याच्या शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा बिल्हार्झिया नामक रोग तेथे होतो. त्यावर औषध आहे, पण सावधगिरी राखावी लागते.

आपल्या महाराष्ट्राचा या सरोवराशी जुना ऋणानुबंध आहे, हे तुमच्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे १८५९ मध्ये या सरोवराशी पोहोचले. काठची प्रजा तेथे पूर्वापार नांदत होतीच. युरोपात मात्र त्यांच्या लेखांमुळे त्याची कीर्ती झाली. त्या काळी गुलामांच्या व्यापाराने हा प्रदेश उजाड होत होता. १८६१ मध्ये गुलामांच्या एका तांड्यातून सोडविलेल्या मुलांत चुमा व विकाटानी हे दोघे होते. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ नावाची आपली छोटी आगबोट हाकीत मुंबई बंदरात आले, तेव्हा ही मुलेही त्यांच्यासमवेत होती. त्यांस डॉक्टर विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत ठेवण्यात आले. तिकडे नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनच्या आश्रयाने गुलामगिरीतून सुटलेली अनेक आफ्रिकन मुले लेखन-वाचन, सुतारकी व लोहारकी शिकत होती. १८६६ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन अखेरच्या प्रवासास निघाले तेव्हा चुमा, विकाटानी व शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर गेले. ऑगस्टमध्ये सर्वजण या सरोवराशी आले. पुन्हा दर्शन होईल अशी आशा नसलेल्या आपल्या जुन्या घरी परतल्यासारखे त्या थकलेल्या प्रवाशास वाटले, व त्या पाण्यात स्नान करून तो सुखावला. विकाटानीस तर दक्षिण टोकाशी आपले आप्त भेटल्याचे कळले, आणि तो तेथेच राहिला.

पुढे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन निवर्तले. त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनारी आणणाऱ्यांत सुसी व चुमा यांच्यासमवेत शरणपूरचा जेकब वेनराइटही होता. त्यानेच झाडाच्या सालीवर त्यांचे नाव कोरले. नाशिकच्या शाळेत गिरविलेली अक्षरे आफ्रिकेच्या अरण्यात अशी उपयोगी पडली! या वाळूवर बसून तो इतिहास आठवताना आम्हांस परदेशी असल्याची जाणीव क्षणभर उरली नाही.

असो. आम्ही चेंबे गावात एका कोळ्याच्या घराशेजारची खोली घेतली. तो १९ एप्रिलचा दिवस. गुड फ्रायडे, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्री पौर्णिमा. रात्री चांदण्याने सारे पाणी उजळले होते. पण काठावरील नावा उलट्या घालून ठेविलेल्या, आणि माणसे निवांत जाळी तुणीत बसलेली. एवढे शांत पाणी असता मासेमारी का नाही, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले की, ‘उसिपा’ नावाची लहान चंदेरी मासळी रात्री दिव्याच्या उजेडाकडे धावते. लख्ख चांदणे असले म्हणजे दिव्यास कोण विचारतो? म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे जाळ्यास विश्रांती असते. आमची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकाने ठरते. यांची चंद्राने ठरविलेली. त्या दोहोंचा असा मेळ पडलेला पाहून आम्हांस मोठा आनंद झाला.

ते पहिले तीन-चार दिवस खरोखर विश्रांतीचे गेले. सकाळी काठाकाठाने फिरावे, दुपारी झाडाखाली पुस्तक उघडून झोपी जावे, सायंकाळी मक्याच्या घट्ट पिठल्यासारखे ‘न्सिमा’ व भाजलेला ‘चांबो’ मासा खावा. सूर्य पाण्यापलीकडे मावळे, आणि बेटांच्या कडा काळ्या होत जात. पाचव्या दिवशी वाळूवर उसिपा वाळविण्याच्या मांडवांजवळून जाताना ओळखीचा आवाज आला, “आफुन्झित्सी!” आमच्याच शाळेतील फॉर्म दोनचा विद्यार्थी जाळ्याची गाठ मारीत बसला होता. वर्गात मागील बाकावर बसणारा, अबोल, पण भूमितीत विलक्षण हुशार असा हा सोळा वर्षांचा मुलगा. गाव त्याचे हेच.

“सुट्टी कशी चालली आहे?” आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, “आज शेवटचा दिवस. उद्यापासून चंद्र उशिरा उगवेल. मग नावेवर जावयाचे.” वसतिगृहाचे पुढील सत्राचे शुल्क तो स्वतः मिळवीत होता. नाव मालकाची, जाळे मालकाचे. मिळकतीतील लहानसा वाटा मजुरांचा. त्याचे वडील नव्हते. आई मासळी वाळवून मंकी बेच्या बाजारात विकी. म्बुना मादीची हकिकत आम्ही पुस्तकात वाचली होती, त्याने ती पाण्यात उभे राहून बोटाने दाखविली, व सहज म्हणाला, “माझी आईही तशीच. शुल्क भरण्याच्या महिन्यात ती एकवेळच जेवते.” यावर आम्हांस काही उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही काठावर बसून पाहिले. अंधार पडताच नावा निघाल्या. एक फळ्यांची मोठी नाव आणि तिच्या साथीस एकाच खोडातून कोरलेली होडी, अशा जोड्या. पूर्वी घासलेटच्या बत्त्या असत, आता विजेरीवर चालणारे दिवे आहेत. पाहता पाहता क्षितिजापर्यंत दिवेच दिवे झाले. या सरोवरास लिव्हिंग्स्टनने ‘ताऱ्यांचे सरोवर’ म्हटले असे सांगतात, आणि ते नाव का पडले असावे हे त्या रात्री कळले. पण त्या ताऱ्यांपैकी एकाखाली आपला विद्यार्थी ओल्या दोरीस हात घालून उभा आहे, हे ठाऊक झाल्यावर त्या दृश्याकडे नुसत्या कौतुकाने पाहता येईना.

तिसऱ्या रात्री वारा सुटला. आग्नेयेकडून येणाऱ्या त्या वाऱ्यास तेथे ‘म्वेरा’ म्हणतात. आमच्या उपसागरास टेकड्यांचा आडोसा होता, पण नावा बेटांपलीकडे गेलेल्या. एकामागून एक दिवे दिसेनासे झाले. विझले की लाटांआड गेले, कळण्यास मार्ग नव्हता. गावातील स्त्रिया वाळूवर येऊन बसल्या. कोणी रडत नव्हते, कोणी फारसे बोलतही नव्हते. त्या मुलाची आई आमच्याजवळच होती. तिने अंगावरील ‘चितेंजे’चे वस्त्र डोक्यावरून घेतले आणि ती पाण्याकडे पाहत राहिली. आमच्या दोघांत समान अशी भाषा चार शब्दांचीच होती. आम्ही तिच्याशेजारी बसून राहिलो. रात्र इतकी लांब असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

पहाटे वारा पडला आणि नावा येऊ लागल्या. प्रत्येक नाव वाळूस लागली की तिच्या घरची माणसे उठून जात, आणि बसणाऱ्यांची संख्या कमी होई. शेवटून दुसऱ्या नावेत तो होता. ओठ थंडीने काळेनिळे झालेले, हात दोरीने सोललेले. आईने त्यास एक शब्द विचारला नाही. आधी टोपली भरून घेतली, मग त्यास घरी नेले. सूर्य वर येईतो तीच स्त्री मांडवावर मासळी पसरीत उभी होती. रात्रभर जागलेल्या त्या माउलीस झोप केव्हा मिळाली असेल, देव जाणे.

दोन दिवसांनी आम्ही झोंबास परतलो. सत्र सुरू झाले त्या दिवशी त्याचा बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. शुल्काची रक्कम पुरी झाली नसेल तर तो येणार नाही, हे आम्ही जाणून होतो. व अशी किती मुले परत येत नाहीत हेही मुख्याध्यापकांनी सांगितले होते. पाचव्या दिवशी सकाळी तो पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. ट्रंकेतून त्याने आमच्यासाठी कागदात बांधलेली वाळकी उसिपा काढली. आपल्याकडील सुकटीचीच चुलत बहीण ती. पहिल्या तासास तो बाकावर डोके टेकून झोपी गेला. आम्ही फळ्यावरील उदाहरण हळू आवाजात सोडविले, आणि वर्गानेही समजून गलका केला नाही.

मित्रहो, जुलैअखेर आम्ही केडगावी आलो तेव्हा गाव तेच होते, परंतु आमच्या नजरेस काही गोष्टी नव्याने पडू लागल्या. आपल्या भागात गुऱ्हाळे आहेत, आसपास साखरेचे कारखाने आहेत. हंगाम आला की बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे येतात, आणि त्यांची मुले शाळेचा बाक सोडून फडाच्या कडेस धाकट्या भावंडांस सांभाळीत बसतात. आपल्याच वर्गातील काहीजण दिवाळीच्या सुट्टीत कांद्याच्या रोपांत, तर काही उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर असतात. पूर्वी उन्हाळा कडक झाला की कित्येक मिशनरी महाबळेश्वर-पाचगणीस विश्रांतीस जात. ते योग्यच होते, कारण दमलेल्या देहाकडून सेवा होत नाही. पण त्यांच्या पंख्याची दोरी ओढणारे व बंगला झाडणारे हात त्याच उन्हात राहत. विश्रांती ही मोठी देणगी आहे खरी. मात्र ती बहुधा कोणाच्या तरी कष्टांतून आपल्या वाट्यास येते.

यावरून कोणी असे समजू नये की सुट्टी घेणे वाईट. सरोवराने आम्हांस बळ दिले नसते तर पुढील सत्र आमच्याने निभावले नसते. चेंबेच्या कोळ्यांनाही पौर्णिमा आहेच, व ते ती संकोच न करता भोगतात. सांगावयाचे इतकेच की, पौर्णिमा सर्वांच्या वाट्यास यावी. तुमच्या घरी कोणास ती मुळीच येत नाही, हे पाहा. सुट्टी लागली की मुलांस उशिरापर्यंत झोप, वडिलांस वर्तमानपत्र, पाहुण्यांस गोडधोड, आणि आईस? तिचे काम सुट्टीत दुप्पट होते. पालकांसही आमची विनंती आहे की, येत्या सुट्टीत महिन्यातून एक दिवस घरातील चूल मुलांच्या व वडिलांच्या हाती असावी. भाकरी वाकडी झाली तरी चालेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा शेजारच्या बाकावरील मित्र उशिरा आला, किंवा तासास पेंगू लागला, तर त्यास हसू नका. त्याची सुट्टी कशात गेली, हे त्यास हळूच विचारा, व चुकलेल्या तासांची वही त्याच्यापुढे ठेवा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यास तुम्ही जाल, तेव्हा तुम्हांस नेणाऱ्या नावाड्याशीही दोन शब्द बोला. त्याचे मूल कोणत्या इयत्तेत आहे ते विचारा. आमचा तो विद्यार्थी चौथ्या फॉर्मची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे पत्र मागाहून आम्हांस आले. अक्षर वळणदार होते, आणि पत्राच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारला होता: तुमच्या गावाजवळ सरोवर आहे काय, आणि तेथील लोकांस सुट्टी कोणत्या दिवशी असते?